शस्त्रक्रियेनंतरचें घर

परगांवीं जावयाचें झालें म्हणजे आपण आठ दिवस आधीं तयारीस लागतों. मुलीचें लग्न ठरलें कीं सहा महिने याद्या चालतात. परंतु घरांतील माणसावर शस्त्रक्रिया व्हावयाची असली म्हणजे सर्वांचें लक्ष रुग्णालयाकडे, डॉक्टरांकडे आणि पैशांच्या जुळणीकडे लागलेलें असतें. आणि ज्या घरांत त्या माणसानें पुढचे दीड-दोन महिने काढावयाचे, त्या घराकडे कोणी वळूनहि पाहत नाहीं. आजारी माणूस रिक्षांतून दाराशीं उतरतें तेव्हां कोठें आठवतें कीं, दाराला चार पायऱ्या आहेत, पलंग माडीवर आहे आणि संडास परसांत आहे.

आमच्या घरीं तयारी झाली नव्हती असें नाहीं. आम्हीं ती केली होती, आणि चांगली केली असें आम्हांस वाटतहि होतें. परंतु ती नेमकी एका जागीं अपुरी राहिली, आणि त्याच जागीं आम्हांस फटका बसला. हा अनुभव सांगण्यासारखा भूषणाचा नाहीं. तथापि तो वाचून दुसऱ्या एखाद्या घरांतील गृहिणीचा त्रास वांचणार असेल, तर संकोच धरून बसण्यांत अर्थ नाहीं, म्हणून हा लेख.

जुन्या शास्त्राचा सल्ला

मॅट्रिकच्या पुढें आमचें शिक्षण झालें नाहीं. परंतु संस्कृताचे संस्कार लहानपणापासूनचे, आणि चौतीस वर्षें शाळेंत तोच विषय शिकविलेला. त्यामुळें सौ.ची पोटाची शस्त्रक्रिया ठरली तेव्हां आम्हीं प्रथम कपाटांतून सुश्रुतसंहिता काढली. मुलें हंसलीं. परंतु त्या ग्रंथाच्या सूत्रस्थानांतील एकोणिसावा अध्याय ज्यानें वाचला असेल तो हंसणार नाहीं. त्याचें नांव 'व्रणितोपासनीय'. जखम असलेल्या रुग्णाची शुश्रूषा कशी करावी एवढाच त्याचा विषय. आणि त्याचा आरंभ औषधानें होत नाहीं, घरानें होतो. रुग्णासाठीं आधीं घर पाहावें. तें स्वच्छ असावें, त्यांत ऊन व वारा थेट येऊं नये. अंथरूण ऐसपैस, नीट पसरलेलें व मनास बरें वाटेल असें असावें. उशी पूर्वेस असावी. जवळ गोड बोलणारे स्नेही असावेत, कारण गोष्टींच्या नादांत वेदनेचा विसर पडतो. रुग्णानें नखें व केस कापलेले ठेवावेत, स्वच्छ पांढरीं वस्त्रें नेसावीं. उठतांना, कुशीवर वळतांना, चालतांना, मोठ्यानें बोलतांना जखमेला जपावें. ती खाजवूं नये. दिवसा झोपूं नये. मोहरी, कडुलिंबाचीं पानें, तूप व मीठ यांचा धूप दिवसांतून दोनदां, दहा दिवसपर्यंत करावा. अंथरुणाजवळ शस्त्र ठेवावें असेंहि सांगितलें आहे. तो त्या काळच्या समजुतीचा भाग.

हें सर्व आज जसेंच्या तसें उचलावें असें आमचें म्हणणें नाहीं. त्याच अध्यायांत व्रणिताला दूध, दहीं व ताक वर्ज्य सांगितलें आहे. 'टांके ओले आहेत, दहीं देऊं नका, पू धरेल' असें आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायका अजूनहि म्हणतात. त्या समजुतीची परंपरा इतकी जुनी आहे. परंतु जखम पिकते ती दह्यानें नव्हे, सूक्ष्म जंतूंनीं, हें लिस्टर या इंग्रज शस्त्रवैद्यानें १८६७ सालीं आपले अनुभव प्रसिद्ध केल्यापासून हळूहळू साऱ्या जगानें मान्य केलें. जखम भरून यावयाची म्हणजे शरीरांत नवें मांस तयार व्हावयाचें, आणि त्याला प्रथिनें लागतात. तीं आपल्या शाकाहारी घरांत दूध, दहीं, डाळी, मूग, मटकी आणि शेंगदाणे यांतूनच मिळावयाचीं. तेव्हां डॉक्टरांनीं मनाई केली नसेल तर दहीं खुशाल द्यावें. धुराचेंहि तसेंच आहे. धुरानें खोकला येतो, आणि पोटाला टांके असतांना खोकला म्हणजे काय, हें ज्यानें भोगलें तोच जाणे. खोली पुसून स्वच्छ ठेवणें आणि रुग्णाला हात लावण्यापूर्वीं साबणानें हात धुणें, हाच आजचा धूप समजावा.

मात्र घर, स्वच्छता, शांतता व स्नेह्यांची सोबत याविषयीं जें त्या अध्यायांत आहे, त्याला नवें शास्त्र येऊन मिळालें आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनीं १८५९ सालच्या आपल्या शुश्रूषेवरील पुस्तकांत मोकळी हवा, उजेड आणि शांतता यांना औषधाच्या बरोबरीचें स्थान दिलें, आणि भेटीस येऊन फुकट सल्ले देणाऱ्यांचा चांगलाच समाचार घेतला. अमेरिकेंत रॉजर उलरिच यांनीं १९८४ सालीं एक पाहणी प्रसिद्ध केली. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांपैकीं २३ जणांच्या खिडकींतून झाडें दिसत होतीं, आणि तितक्याच जणांच्या खिडकींतून विटांची भिंत. झाडें पाहणारे सरासरीनें पाऊण दिवस आधीं घरीं गेले, आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधें कमी लागलीं. आपल्या घरीं परसांत कडुलिंब असला तर पलंग त्याच्या बाजूच्या खिडकीशीं लावण्यास पैसे पडत नाहींत.

पडून राहण्याविषयींचे विचार मात्र पार बदलले आहेत. पूर्वीं पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर दोन-दोन आठवडे रुग्णाला उठूं देत नसत. १९४६ सालीं लायथॉझर या अमेरिकन शस्त्रवैद्यानें लवकर चालविण्याचे फायदे पुस्तकरूपानें मांडले. पुढें १९९० नंतर डेन्मार्कच्या केलेट यांनीं वेदनेवर ताबा, लवकर अन्न आणि लवकर चालणें यांची एकत्र पद्धति बसविली. पडून राहिल्यानें पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याची भीति असते, फुप्फुसांत कफ सांचतो आणि पोट फुगतें. म्हणून हल्लीं बहुधा त्याच दिवशीं किंवा दुसऱ्या दिवशीं चालावयास लावतात. तेव्हां घराची तयारी म्हणजे निजण्याची तयारी एवढेंच नव्हे; निर्धोकपणें चालण्याचीहि तयारी.

सुटका आणि विश्रांति

एका थोर पुरुषाच्या शस्त्रक्रियेचें उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतलेंच आहे. महात्मा गांधी येरवड्याच्या तुरुंगांत असतांना त्यांच्या आंत्रपुच्छाला सूज आली, आणि १२ जानेवारी १९२४ रोजीं रात्रीं पुण्याच्या ससून रुग्णालयांत कर्नल मॅडॉक यांनीं शस्त्रक्रिया केली. मध्येंच वीज गेली, आणि शेवटचें काम कंदिलाच्या उजेडांत पुरें करावें लागलें. ५ फेब्रुवारीस सरकारनें त्यांची सुटका केली. पण सुटका झाली म्हणून महात्माजी लगेच कामाला जुंपले गेले नाहींत. मार्चांत ते जुहूला समुद्रकांठीं नरोत्तम मोरारजी यांच्या बंगल्यांत राहावयास गेले, आणि मे अखेरपर्यंत तेथें होते. तेथेंहि भेटीला येणारांची रीघ व पत्रांचा ढीग होताच. तरी पुरे साडेचार महिने त्या शरीराला सांवरण्यास दिले गेले. राष्ट्राच्या नेत्याचें काम कांहीं काळ थांबूं शकतें. मग आपल्या घरांतील पोळ्या कां थांबूं नयेत, हा प्रश्न त्या वेळीं आम्हांस सुचला असता तर पुढचा प्रसंग टळला असता.

दारापासून पलंगापर्यंत

आमचें घर जुनें, माळवदाचें. भिंती जाड, म्हणून वैशाखांतहि आंत थोडा गारवा असतो. पण दारें ठेंगणीं, उंबरे वीतभर उंच, आणि ओसरीवरून अंगणांत उतरावयास दगडी पायऱ्या. शस्त्रक्रियेच्या आठ दिवस आधीं आम्हीं एक कागद घेतला आणि रिक्षा थांबते तेथपासून पलंगापर्यंत, पलंगापासून संडासापर्यंत आणि तेथून परत, असा सारा मार्ग चालून पाहिला. पाऊल उचलण्यास त्रास होतो असें समजून चालावें, म्हणजे घर निराळेंच दिसूं लागतें. वाचकांनीं हें अवश्य करून पाहावें.

पलंग तळमजल्यावर असावा. आपली सुतळीची बाज मध्यें खोल जाते. तिच्यांतून पोटावर ताण न देतां उठतां येत नाहीं. सपाट फळ्यांचा पलंग चांगला. कडेला बसलें असतां पाय जमिनीला टेकावेत आणि गुडघे काटकोनांत राहावेत, इतकी त्याची उंची असावी. ठेंगणा असेल तर पायांखालीं लांकडाचे घट्ट ठोकळे द्यावेत. उठतांना सरळ उठून बसूं नये. आधीं कुशीवर वळावें, पाय खालीं सोडावेत, आणि हाताच्या रेट्यानें बसावें. खोकला आला तर उशी पोटाशीं घट्ट धरावी. या दोन गोष्टी परिचारिकेकडून रुग्णालयांतच शिकून घ्याव्या.

वाटेवरची सतरंजी व पायपुसणीं काढून टाकावीं, विजेच्या तारा भिंतीशीं बांधाव्या. शहाबादी फरशी ओली झाली कीं निसरडी होते, म्हणून ज्या वेळीं रुग्ण उठतो त्या वेळीं फरशी पुसूं नये. उंबऱ्याच्या कडेवर आम्हीं चुन्याची पांढरी रेघ ओढली. रात्रीं ती दिसते. मंद दिवा रात्रभर ठेवावा, आणि आपल्याकडे वीज केव्हां जाईल याचा नेम नसल्यानें विजेरी उशाशीं असावी. हांक मारण्यास जोर लागतो, म्हणून सौ.च्या हातीं आम्हीं शाळेंतून निवृत्तीच्या वेळीं मिळालेली छोटी पितळी घंटा दिली. जन्मभर ती आम्हीं वाजविली आणि मुलें धांवलीं. आतां ती वाजली कीं आम्ही धांवत होतों.

संडास हा खरा कठीण विषय. उकिडवें बसणें पोटाच्या टांक्यांना जड जातें. गुडघा किंवा खुबा बदललेला असेल तर तें वर्ज्यच असतें. भोंक असलेली खुर्ची औषधांच्या मोठ्या दुकानांत विकत आणि कोठें कोठें भाड्यानेंहि मिळते. ती आधीं आणून, रुग्णाला तिच्यावर एकदां बसवून पाहावें. भिंतीला धरण्यास पक्की दांडी ठोकून घ्यावी. टॉवेलची दांडी माणसाचें वजन पेलत नाहीं. न्हाणीघरांत रबराचा पाट व पाय न सरकणारें स्टूल असावें. टांके ओले करावयाचे कीं नाहीं, आणि केव्हांपासून, हें डॉक्टरांना विचारूनच ठरवावें.

औषधांसाठीं आम्हीं फळ्यावर तक्ता आंखला: वेळ, औषध, जेवणाआधीं कीं नंतर, आणि दिल्याची खूण. वेदनाशामक गोळी वेदना असह्य होण्याची वाट न पाहतां सांगितलेल्या वेळींच द्यावी. कारण दुखणें वाढलें कीं रुग्ण हलत नाहीं, आणि हलला नाहीं कीं बाकीचीं दुखणीं सुरू होतात. परंतु सांगितल्याहून एकहि गोळी अधिक देऊं नये. रक्त पातळ करणारें औषध, मधुमेह व रक्तदाब यांच्या जुन्या गोळ्या केव्हां सुरू करावयाच्या, हें घरीं निघण्यापूर्वीं लिहून घ्यावें. कांहीं वेदनाशामकांनीं मलावरोध होतो. कुंथणें तर टांक्यांचा शत्रु. म्हणून पाणी, भाज्या, फळें, आणि डॉक्टर म्हणतील तर इसबगोल द्यावें. जखमेवर हळद, तूप, राख असलें कांहींहि लावूं नये. अंगणांत शेणसडा घालण्याची आपली रीत आहे. पण शेणांत धनुर्वाताचे जंतु असूं शकतात, म्हणून शेण कालविलेल्या हातांनीं रुग्णाच्या खोलींत जाऊं नये.

व्रतवैकल्यांविषयीं एक शब्द. चतुर्थी आली कीं आजारी बाईहि उपास धरते, आणि घरांतील कोणी तिला आडवीत नाहीं. आपल्या धर्मशास्त्रानें आतुराला नियमांतून मोकळें केलेलें आहे. उपाशीं शरीर जखम भरूं शकत नाहीं. सोंवळ्यासाठीं पहांटे ओल्या लुगड्यानें वावरणेंहि या दिवसांत नको. देवाची पूजा घरांतील पुरुषांनीं करावी. स्वयंपाकहि त्यांनीं केल्यास देवाला तो नैवेद्य चालतो.

समाचाराला येणारांसाठीं दाराशीं वेळ लिहून ठेवावी, आणि ती संध्याकाळचा एक तास असावी. सर्दी-पडसें असलेल्यानें येऊं नये हें स्पष्ट सांगावें. आम्हीं आणखी एक नियम केला होता, कीं अमक्याच्या शस्त्रक्रियेनंतर काय भयंकर झालें ही कथा कोणी सांगावयाची नाहीं. सुश्रुतानें स्नेह्यांच्या गोष्टी सांगितल्या आहेत त्या ह्या नव्हेत.

शेवटीं धोक्याचीं चिन्हें. १०१ अंशांवर ताप. जखमेची लाली किंवा सूज वाढणें, पू किंवा रक्त येणें, टांका उसवणें. एका पोटरीला सूज व दुखणें. एकाएकीं धाप किंवा छातींत कळ. थांबत नाहीं अशी उलटी. लघवी न होणें. यांपैकीं कांहींहि दिसल्यास सकाळची वाट न पाहतां डॉक्टरांना कळवावें. धाप किंवा छातींत कळ असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आपल्या जिल्ह्यांत अंबेजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नांवाचें सरकारी वैद्यकीय महाविद्यालय व त्याचें मोठें रुग्णालय आहे. ज्यांनीं निजामी अमलांत त्याच गांवीं शाळा चालविली, त्या संन्यासी शिक्षकाचें नांव एका रुग्णालयास असावें, याचें आम्हां मास्तरमंडळींस विशेष समाधान वाटतें.

नवव्या दिवशीं

येथवर जें लिहिलें तें सर्व आमच्या घरीं झालें होतें. सौ.चें गर्भाशय गांठींमुळें काढावें लागलें होतें. शस्त्रक्रिया उत्तम झाली. निघतांना डॉक्टरीणबाईंनीं बजावून सांगितलें कीं, सहा आठवडे चार-पांच किलोंहून अधिक वजन उचलावयाचें नाहीं. आम्हीं तें फळ्यावर लिहिलेंहि.

आमच्या गांवांत नळाला आठ-दहा दिवसांनीं पाणी येतें, आणि बहुधा पहांटे. नवव्या दिवशीं पांच वाजतां पाणी आलें. आम्ही गाढ झोपेंत होतों. सौ.ला नळाच्या शिटीची पस्तीस वर्षांची संवय. ती उठली, आणि हौद भरेपर्यंत पाणी राहील कीं नाहीं या भीतीनें तिनें स्वयंपाकघरांत बादल्या नेल्या. पंधरा लिटरची बादली म्हणजे पंधरा किलो. हें गणित आम्हीं जन्मभर मुलांना घातलें. चौथ्या बादलीला जखमेचा कोपरा उसवला. आम्ही जागे झालों ते घंटेनें नव्हे, बादली पडल्याच्या आवाजानें. पुन्हां रुग्णालय, पुन्हां टांके, आणि तीन आठवडे अधिक.

"घंटा कां वाजविली नाहीं?" असें आम्हीं विचारलें. ती म्हणाली, "पाणी भरायला घंटा वाजवायची असते, हें मला कुठें ठाऊक होतें?"

त्या दिवशीं दुपारीं आम्ही वही घेऊन तिच्या पलंगाशीं बसलों, आणि पहांटे उठल्यापासून रात्रीं दिवे मालवीपर्यंत ती जीं जीं कामें करते तीं लिहून काढलीं. सत्तेचाळीस भरलीं. दूध तापविणें, विरजण लावणें, हौदाची तोटी बंद करणें, गिरणीचा डबा उचलणें, गॅसची टाकी सरकविणें, अंथरुणें घालणें, आमचीं चष्मा व औषधें शोधून देणें. त्यांतलीं तीसएक कामें होत असतात हेंच आम्हांस आजवर ठाऊक नव्हतें. पलंगाची उंची आम्हीं फूटपट्टीनें मोजली होती. घराचा भार मोजला नव्हता.

वाचन चाललें असतां आमच्याकडे धुणेंभांडीं करणाऱ्या बाई दारांत उभ्या होत्या. त्या बोलून गेल्या, "काकू, माझी पिशवी काढली तवा पंधराव्या दिशी मी फडावर व्हते. मोळी डोक्यावर देताना कुणी नगं म्हनलं न्हाई." त्या आमच्याकडे चार वर्षें येत होत्या. त्यांच्यावर शस्त्रक्रिया झालेली आहे हें आम्हांस माहीत नव्हतें, कारण आम्हीं कधीं विचारलें नव्हतें.

बीड जिल्ह्यांतील वाचकांना 'पिशवी काढणें' या शब्दांचा अर्थ सांगावयास नको. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथून लाखों माणसें ऊंसतोडीला पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली, राहावयास शेताकांठची कोपी, आणि कामावर एक दिवस न गेल्यास खाड्याची कपात. पाळीच्या दुखण्यांतहि सुटी नाहीं. याच कारणांनीं, आणि कर्करोगाची भीति घातली गेल्यानें, कित्येक बायका ऐन तिशींत, कांहीं त्याहूनहि आधीं गर्भाशय काढून घेत असल्याची ओरड २०१९ सालीं झाली. विधान परिषदेच्या त्या वेळच्या उपसभापति नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं सरकारनें समिति नेमली. जिल्ह्यांतील ८२,३०९ ऊंसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. म्हणजे दर सहा जणींत एक. लहान वयांत गर्भाशयाबरोबर बीजकोशहि काढले तर हाडें लवकर ठिसूळ होतात, हा पुढचा भोग निराळाच. आणि या बायकांपैकीं ज्या टांके भरण्यापूर्वीं फडावर परतल्या असतील, त्यांच्या कोपीला उंबरा नव्हता, पलंग नव्हता आणि घंटा तर नव्हतीच.

मग आम्हीं काय केलें

सत्तेचाळीस कामांची वही तीन भागांत वांटली. कांहीं कामें सहा आठवडे बंद: लोणचीं, कुरडया, पाहुण्यांचीं जेवणें. कांहीं आम्हीं पत्करलीं. पाणी भरणें त्यांत पहिलें, आणि तें आजतागायत आमच्याकडेच आहे. कांहीं कामें मोबदला देऊन करविलीं. पण येथेंहि एक मेख आहे. गृहिणीचें ओझें मोलकरणीच्या डोक्यावर ठेवणें याला तयारी म्हणत नाहींत. अधिक काम तर अधिक वेतन, आणि तिच्या प्रकृतीची आधीं चौकशी, हा नियम आम्ही तेव्हांपासून पाळतों.

गेल्या वर्षीं त्याच बाईंना जुन्या टांक्यांच्या जागीं अंतर्गळ झाल्याचें निघालें. टांके कच्चे असतां वजन उचललें तर पुढें असें होऊं शकतें, असें डॉक्टरांनीं सांगितलें. शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांत झाली. त्यापूर्वीं सौ. वही घेऊन त्यांच्या घरीं गेली. पत्र्याची एक खोली. दुपारीं भट्टी तापावी तशी तापते. सौ.नें त्यांचीं कामें लिहून घेतलीं. तीं एकावन्न भरलीं. पाणी मोठ्या मुलानें शाळेपूर्वीं भरावें, लांकूडफांटा दिरानें आणावा, दुपारीं त्यांनीं शेजारच्या स्लॅबच्या घरांत पडावें, असें त्या घरच्या माणसांसमोर बसून ठरलें. सहा आठवड्यांचें वेतन आम्हीं आधींच पोंचतें केलें, कारण तें मागाहून द्यावयाचें ठरलें असतें तर त्या तिसऱ्या आठवड्यांत कामावर आल्या असत्या. आमची भोंकाची खुर्ची, ठोकळे आणि घंटा तिकडे गेलीं.

तीं परत आलीं तेव्हां आमच्या आळींत आणखी एका घरीं गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली होती. तेथून तीं दुसरीकडे गेलीं. ज्या आळींत अशी एक खुर्ची, एक चालण्याचा आधार आणि एक पाट सर्वांत मिळून असेल, तेथें कोणास ऐन वेळीं धांवाधांव करावी लागणार नाहीं. हें काम एखाद्या महिला मंडळानें सहज उचलावें.

वाचकांस आमची एवढीच विनंति आहे. शस्त्रक्रियेची तारीख ठरली कीं पहिल्या संध्याकाळीं वही काढा, आणि रुग्णाला विचारून त्याचीं रोजचीं सारीं कामें लिहा. प्रत्येक कामापुढें दुसऱ्या माणसाचें नांव पडल्याशिवाय घराची तयारी झाली असें समजूं नका. नांव नसलेलें एकहि काम राहिलें, तर नवव्या दिवशीं पहांटे पांच वाजतां तें करावयास कोण उठेल, हें आम्हांस ठाऊक आहे.